पुसलेली कॉलर

नोव्हेंबर अर्धा सरला की कुवेतमधली माणसं वाळवंटाकडे निघतात. ज्या उन्हानं सात-आठ महिने धड रस्त्यानं चालूही दिलेलं नसतं, ते एके दिवशी अचानक शहाण्यासारखं वागायला लागतं. गाडीचा एसी बंद करून काचा खाली कराव्याशा वाटतात. अबू हलीफाच्या आमच्या इमारतीत गॅलरीगॅलरीतून रजया बाहेर येतात आणि जिन्यात डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो. खालच्या किराणा दुकानाच्या दारात कोळशाच्या पिशव्या रचलेल्या दिसतात. हायवेच्या कडेनं, आत खोलवर, पांढरे तंबू उभे राहतात. चार महिने हे तंबू असतात, मार्चमध्ये मोडतात आणि मागे कोळशाचे काळे डाग तेवढे उरतात.

"यंदा भेळच नेऊ या," बायको म्हणते. "भजी नकोत. मागच्या वेळी दाताखाली वाळू आली होती."

पंधरा वर्षं मी या ऋतूची वाट बघत आलो. यंदा पहिला तंबू दिसला आणि मला लाज वाटली. मी काच वर केली.

मी नाशिकचा. इथे तेलाच्या कारखान्यात पंपांची देखभाल बघतो. फोटोग्राफी हा माझा छंद, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात त्याप्रमाणे पगारातला बराचसा भाग लेन्सांच्या डब्यांत जाऊन बसला आहे. आमच्या मराठी मंडळाचं दर वर्षी मार्चमध्ये छायाचित्रांचं प्रदर्शन भरतं. गेल्या मार्चचा विषय होता 'वाळवंटातली माणसं'. विषय कळल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. मावळतीचं ऊन, धुळीचा पडदा, शेळ्यांचा कळप आणि त्यात पाठीवर जाड फरवा घेतलेला एक म्हातारा अरब. फरवा म्हणजे आतून लोकर लावलेला, पायांपर्यंत येणारा थंडीतला डगला. चित्र तयार होतं. त्यात उभा राहणारा माणूस तेवढा मिळायचा होता.

तो मिळाला आमची गाडी वाळूत रुतली तेव्हा. कब्दच्या पलीकडे, जिथे जनावरांचे गोठे आणि पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथे मी उगाच डांबरी सोडून आत घातली होती. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी एक्सलरेटर दाबतोय, बायको ओरडतेय, मागे मुलगी रेवा कानात हेडफोन घालून बसली आहे. तेवढ्यात एक माणूस पत्र्याचा तुकडा घेऊन धावत आला. रापलेला, पन्नाशीचा, डोक्याला लाल-पांढरा रुमाल. "साब, रेस मत दो, रेस मत दो," म्हणत त्यानं पत्रा चाकाखाली सारला.

बायको माझ्यावर करवादली, "अहो, ऐका ना जरा त्यांचं!"

तो माणूस वाकलेला होता तसाच थांबला. मान वर करून म्हणाला, "मराठी हाव का तुमी?"

ते बालाजी. नांदेड जिल्ह्यातले, देगलूरजवळच्या एका गावचे. गाडी पाच मिनिटांत निघाली, पण आम्ही दोन तास तिथेच बसलो. त्यांनी शेळीच्या दुधाचा चहा केला. बायकोनं भजी काढली. वाळू लागलेली भजी त्यांनी एकेक करून इतक्या हळू खाल्ली की पुढच्या शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, बायकोनं न सांगता थालीपीठं लावली. असे आमचे तीन-चार शुक्रवार झाले. बायको त्यांना दादा म्हणू लागली. त्यांची शेळ्या बोलवायची एक हाळी होती, जिभेनं टाळ्याला मारलेली. रेवा ती शिकली आणि घरी मला बोलवायला वापरू लागली.

दुसऱ्या की तिसऱ्या शुक्रवारी चहा ओतता ओतता ते म्हणाले होते, "घरी सांगितलंय, गोदामात हाय म्हणून. कंपनीत. पोरगी बारावीला हाय, तिला मैत्रिणीत सांगाया बरं दिसतंय. शेळ्याच राखायच्या व्हत्या तर गावात काय कमी व्हत्या, असं म्हणतील की लोकं."

आम्ही हसलो. मी तर त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ती पळवाट मला नाही.

जानेवारीच्या शेवटी मी त्यांना सांगितलं, "पुढच्या शुक्रवारी कॅमेरा घेऊन येतो. तुमचा मस्त फोटो काढायचा."

पुढच्या शुक्रवारी आकाश मला हवं होतं तसं होतं. हलका वारा, धूळ हवेत पसरलेली, ऊन गुळाच्या पाकाच्या रंगाचं. गाडीतून उतरलो आणि बघतो तर बालाजी दाढी करून उभे. गुळगुळीत. हनुवटीवर कापलेल्या जागी कागदाचा कपटा. केसांना तेल. अंगात पांढरा शर्ट, आणि त्याच्या बाह्यांवर सुरीसारख्या घड्या. इस्त्री कुठली तिथे! शर्टची घडी करून पिठाच्या डब्याखाली आठ दिवस दाबून ठेवली होती. मनगटावर घड्याळ. टँकरचं पाणी शेळ्यांना आधी आणि माणसाला नंतर, अशी तिथली रीत. त्यातून वाचवून ते नखशिखान्त धुतलेले होते.

आणि मी काय म्हणालो असेन?

"अहो, दाढी कशाला केलीत?"

मी चिडलो होतो. खरोखर चिडलो होतो. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी त्या वेळी नीट बघितलंही नाही, कारण मी आकाशाकडे बघत होतो. "फोटो काढायचा म्हणला न्हवं?" ते म्हणाले. मी म्हटलं, असा नाही हो, रोजचा, खरा फोटो पाहिजे. खरा हा शब्द मी वापरला. आठ दिवस दाढी करू नका, असं सांगून मी कॅमेरा पिशवीत घातला. निघताना ते काचेशी आले. "आलाच हाव तर एक काढा की असा. घरी पाठवतो." मी म्हटलं, आता ऊन गेलं, पुढच्या वेळी नक्की. ऊन गेलेलं नव्हतं. अजून चांगला अर्धा तास होता.

मधल्या आठवड्यात मी जुन्या बाजारात जाऊन एक फरवा विकत घेतला. कोपरावर विरलेला, एका खांद्यावर उसवलेला. नवे चांगले फरवे तिथे रांगेनं टांगलेले होते, मी मुद्दाम खालच्या ढिगात शोधत होतो.

पुढच्या शुक्रवारी बालाजींनी दाढी वाढवलेली होती, पण शर्ट तोच पांढरा होता. तो काढा म्हणालो तर म्हणाले, "असू द्या की आतून. थंडी हाय." वरून फरवा चढवला, डोक्याचा रुमाल तोंडावरून घेतला. मी त्यांना इकडे वळा, तिकडे बघा, हसू नका, काठीवर भार द्या, असं सांगत राहिलो. मध्येच त्यांनी विचारलं, "साहेब, ह्यो लोकास्नी दिसंल का?"

"कुणाला कळणार आहे? अर्धा चेहरा झाकलाय," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलवली आणि मी सांगितलं तिकडे बघितलं. काम झाल्यावर फरवा त्यांनाच देऊन टाकला आणि आपलं मन किती मोठं, असं मनातल्या मनात म्हणत घरी आलो. पांढऱ्या शर्टातला फोटो राहून गेला. राहून गेला म्हणणंही लबाडीचं आहे. मी काढला नाही.

घरी फोटो मोठ्या पडद्यावर उघडला आणि जीव हरखला. धूळ, ऊन, शेळ्यांच्या पाठींवर सोनेरी कड. फक्त दोन गोष्टी खटकत होत्या. मनगटावरचं घड्याळ आणि फरव्याच्या गळ्यातून डोकावणारं शर्टच्या कॉलरचं पांढरंशुभ्र टोक. मी चहा घेऊन बसलो आणि दोन्ही पुसली. घड्याळ पटकन गेलं. कॉलरीला वेळ लागला, तिची कड फार स्वच्छ होती. पुन्हा पुन्हा मोठी करून, आजूबाजूची लोकर उचलून तिच्यावर बसवत, तासभर मी ती कॉलर पुसत होतो.

फोटोला नाव दिलं 'शेवटचा बद्दू'. बद्दू म्हणजे वाळवंटात राहणारा अरब. देगलूरचे बालाजी शेवटचे बद्दू झाले. पहिलं बक्षीस मिळालं. काचेचं स्मृतिचिन्ह घेताना मी वाळवंटातल्या लोप पावणाऱ्या जीवनाबद्दल चार वाक्यंही बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या.  घरी आल्यावर दारात किल्ली लावताना बायको एवढंच म्हणाली, "दादांना विचारलं होतंत ना?" मी हो म्हणालो. नाशिकच्या कुठल्याशा ऑनलाइन बातम्यांच्या पानावर 'नाशिकच्या सुपुत्राचा कुवेतमध्ये गौरव' असा मथळा आला, खाली माझा हसरा चेहरा आणि तो फोटो. माझी आई नाशिकला एकटी असते. तिनं शेजारच्या मुलाकडून तो छापून घेतला आणि देवघराशेजारच्या भिंतीवर लावला. फोनवर म्हणाली, "काय चेहरा आहे रे त्या माणसाचा! बिचारा." तिच्या आवाजातला अभिमान ऐकून मला बरं वाटलं होतं. मार्चमध्ये तंबू उठले, उन्हाळा आला, आम्ही दारं लावून आत बसलो.

ऑक्टोबरमध्ये रेवाला शाळेत प्रकल्प मिळाला. अमेरिकेतल्या वाळवंटात राहणाऱ्या नावाहो लोकांचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे फोटो. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो, कारण फोटो म्हटल्यावर मला राहवत नाही. आणि फोटो होतेच तसे. लाल खडकांच्या उंच भिंती आणि त्यांच्या पायथ्याशी मुंगीएवढे घोडेस्वार. झाडाच्या सावलीत माग मांडून बसलेली बाई, गुडघ्याशी पोर. वाळूच्या टेकडीवरून उतरणारी मेंढरं. घोंगडीसारखं जाड पांघरूण घट्ट लपेटून उभा राहिलेला एक माणूस, डोळे कॅमेऱ्याच्या जरासे बाजूला. मी तिला ऊन कुठून आलं आहे ते दाखवत होतो, सावली कशी पकडली आहे ते सांगत होतो.

रेवाचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती फोटोंखालच्या ओळी वाचत होती. "बाबा, कुणाचं नावच नाहीये. नावाहो मॅन, नावाहो वुमन, नावाहो चाइल्ड. व्हाय?"

मग तिनं काय काय वाचून काढलं. त्या काळचे काही छायाचित्रकार आपल्याबरोबर जुने कपडे घेऊन हिंडत. समोरचा माणूस आपली टोपी, आपला सदरा घालून आला तर तो उतरवायला लावत आणि पेटीतलं पांघरूण त्याच्या खांद्यावर देत. असल्याच एका फोटोत दोन माणसांच्या मध्ये ठेवलेलं घड्याळ नंतर खरवडून काढलं होतं. ती माणसं संपत चालली आहेत असं दाखवायचं होतं ना, मग त्यांच्याजवळ घड्याळ कसं असेल? माणसं काही संपली नाहीत, आजही तिथेच आहेत, मेंढरं राखतात, शाळेत जातात. आणखी एक गोष्ट तिनं मला वाचून दाखवली. असं सांगतात की एका छायाचित्रकारासाठी नावाहोंनी आपला पवित्र नाच केला, पण मुद्दाम उलटा केला. त्याला पत्ताच लागला नाही. रेवाला ते फार आवडलं, ती टाळ्या वाजवून हसली.

मी हसलो नाही. खाई त्याला खवखवे.

तिचं हसू थांबलं. पडद्याकडे बघतच ती म्हणाली, "बाबा, तू पण कॉलर इरेज केली होतीस ना? मी बघितलं होतं. आय वॉज स्टँडिंग बिहाइंड यू." आणि मग, अगदी सहज, "बालाजीकाकांना माहितीये?"

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसमोर मान खाली घालण्याचा प्रसंग माझ्यावर त्याआधी आला नव्हता. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच पाणी प्यायलो. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना निदान इतकं तरी म्हणता आलं असतं की समोरच्याची भाषा येत नव्हती, गाव माहीत नव्हतं. मला भाषा येत होती. गाव माहीत होतं. मुलगी बारावीला आहे हेसुद्धा माहीत होतं. त्यांनी आतून शर्ट घातला होता, थंडीसाठी नव्हे. माझ्या नाचात त्यांनी एक पाऊल आपलं टाकलं होतं, आणि मी तेही पुसून काढलं.

तंबू लागल्यावर दुसऱ्या शुक्रवारी मी एकटाच गेलो. कॅमेरा घेतला होता. पांढऱ्या शर्टातला फोटो काढायचा, छान मोठा करून द्यायचा, असं ठरवलं होतं. वरातीमागून घोडं.

बालाजी तिथेच होते. शेळ्यांना पाणी दाखवत होते. "आलाव का साहेब?" म्हणाले, जणू मी मागच्याच आठवड्यात येऊन गेलो होतो. "वहिनी न्हाई आल्या?" चहा ठेवला. मला वाटलं, कळलेलं नाही. हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.

मी म्हणालो, "बालाजी, तो फोटो..."

"बघितला की," ते म्हणाले. "गावातल्या पोरांच्या मोबाइलवर आला. बायकोनं वळखलं. उभं ऱ्हायची तऱ्हाच म्हणली ह्यांची."

चुलीवर चहा उतू जायला आला, त्यांनी भांडं उचललं.

"पोरीच्या मैत्रिणीत दाखवला कुणीतरी. महिनाभर फोनवर आली न्हाई ती. बापानं खोटं सांगितलं म्हणून. शेळ्या राखतो म्हणून न्हाई, खोटं सांगितलं म्हणून."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "फार चुकलं. मी तुम्हाला सांगितलं होतं, कुणाला कळणार नाही. आणि ते नावही मीच दिलं. तुमची कॉलर..." 

 ते माफ केलं म्हणाले नाहीत, असू द्या म्हणाले नाहीत. दोन कपांत चहा ओतला. मग म्हणाले, "आता बोलती. एक दिस आपणच म्हणली, आबा, शेळ्या किती हायत, दाखवा की. आता पिल्लांचे फोटो रोज पाठवावं लागतंय. पण ते तिच्यामुळं झालं. तुमच्यामुळं न्हाई."

"हो," मी म्हणालो.

मी पिशवीकडे हात नेला. "तो पांढऱ्या शर्टातला एक काढू का? राहिला होता."

"आता कशाला? तिकडं समदं ठावं झालंय." ते कप ठेवून उठले, खोलीच्या मागे गेले आणि फरवा घेऊन आले. तोच. त्यावर नवी जन्मलेली पिल्लं झोपायची, लोकरीत लेंड्या अडकल्या होत्या. त्यांनी तो दोनदा झटकला. "उभं ऱ्हावा," म्हणाले.

"मी?"

"तुमीच. माझ्या मोबाइलवर काढतो."

मी उभा राहिलो. त्यांनी फरवा माझ्या खांद्यांवर चढवला. शेळ्यांचा, दुधाचा, मुताचा वास एकदम नाकात शिरला. डोक्याचा आपला रुमाल सोडून त्यांनी माझ्या डोक्याला गुंडाळला आणि आपली काठी माझ्या हातात दिली. मग एक पाऊल मागे जाऊन माझ्याकडे बघितलं, पुन्हा जवळ आले, आणि एका बोटानं माझ्या शर्टाची कॉलर फरव्याच्या आत सारली. एकदा उजवीकडची, एकदा डावीकडची. म्हणजे बघितलं होतं त्यांनी. सगळं बघितलं होतं.

"तिकडं बघा. हसू नका. काठीवर भार द्या."

माझीच वाक्यं होती. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. काम करताना माणूस बोलतो तसं बोलत होते. मी तिकडे बघितलं. ऊन डोळ्यांत येत होतं. शेळ्या माझ्या पायांना घासून जात होत्या आणि समोरच्या माणसाला माझ्यात काय दिसतं आहे ते मला कळायला मार्ग नव्हता. इतकं अवघड मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

फोटो त्यांनी तिथल्या तिथे माझ्या मोबाइलवर पाठवला. "आईला पाठवा," म्हणाले. "नाशकाला हाईत म्हणला व्हता न्हवं? आमच्या माणसांनी माझा बघितला, तुमच्या माणसांनी बी तुमचा बघू द्या." मग मोबाइलवर बोट फिरवत, "मी बी पाठवतो पोरीला. म्हणतो, जोडीदार मिळाला."

मी फरवा उतरवला, घडी करून दिला. गाडीचं दार उघडलं तोवर त्यांचा मोबाइल वाजला. हात लांब धरून, डोळे बारीक करून त्यांनी वाचलं आणि पहिल्यांदाच जरा गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"पोरगी इचारायली, आबा, ह्या काकांचं नाव काय?" ते म्हणाले. "काय सांगू? मी तर साहेबच म्हणत आलो."

मी नाव सांगितलं. त्यांनी अंगठ्यानं एकेक अक्षर शोधत ते टाइप केलं, मला दाखवून बरोबर आहे का विचारलं, आणि पाठवलं.

त्याला आता तीन शुक्रवार झाले. तो फोटो मी रोज उघडतो. कॉलर एवढी आत सारूनही डावीकडे तिचं टोक बाहेर आलेलं आहे, ते मी पुसलेलं नाही. आईचा फोन येतो, नवीन काही फोटो काढलास का म्हणून ती विचारते, आणि मी म्हणतो, वेळच मिळत नाही गं. तिच्या भिंतीवरचा तो बिचारा माणूस कोण, हे सांगितल्याशिवाय हा फोटो तिला पाठवता येत नाही, आणि ते सांगायचा धीर अजून झालेला नाही. तिच्या घरात मी अजून सुपुत्र आहे. तिकडे देगलूरजवळच्या एका घरात मात्र, अंगावर शेळ्यांचा फरवा घेऊन, मी नावानिशी पोचलो आहे.